मंगळवारचे प्रेक्षक

इंग्लंडात जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास दोन प्रश्न विचारले जातात. लॉर्ड्‌सचे मैदान पाहिले का, आणि राजवाडा पाहिला का. आम्ही दोन्ही पाहिले. पण लेकीच्या घरी काढलेल्या दोन महिन्यांतले जे एक स्थळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही, ते कोणत्याही सहल-कंपनीच्या यादीत सापडणार नाही. ते आहे दक्षिण लंडनमधील एका छोट्या फुटबॉल क्लबचे मैदान, आणि तेही नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी रात्री, पावसाच्या भुरभुरीत पाहिलेले.

बडोद्याच्या माणसाला फुटबॉलचे काय, असे वाचक म्हणतील. खरेच आहे. आमच्या पिढीने गल्लीत क्रिकेट खेळले, जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांबाला लोंबकळून अंग दुखवून घेतले. फुटबॉल आमच्या वाट्याला फारसा आलाच नाही. तो आला उतारवयात आणि नातवाच्या मार्फत. अकरा वर्षांच्या या चिरंजीवांना मराठी महिन्यांची नावे सांगताना अडखळायला होते. पण कोणता खेळाडू कोणत्या वर्षी कोठून कोठे गेला, हे झोपेतून उठवून विचारले तरी बिनचूक सांगता येते.

मुख्य हकीकतीआधी एका पाकिटाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागातील मराठी वाचनालयाच्या विश्वस्तांचे पत्र आले. सभासद उरले नाहीत, वर्गणी जमत नाही, संध्याकाळी दिवा लावायलाही कोणी फिरकत नाही. तेव्हा वाचनालयाचे दालन एका दुकानास भाड्याने द्यावे किंवा कसे, याविषयी सभासदांचे मत मागवले होते. बांधाबांधीच्या गडबडीत आम्ही ‘संमती आहे’ असे लिहून सही ठोकली आणि पाकीट बंद केले. ते टपालात टाकायचे राहून गेले आणि आमच्या बॅगेतून निमूटपणे लंडनला आले.

लंडनला आल्यावर जावईबापूंच्या मनात आम्हांला एखाद्या नामांकित संघाचा सामना दाखवायचा होता. परंतु त्या तिकिटांचे दर ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी, “तेवढ्यात आपल्याकडे मुंज होते,” असे जाहीर केले आणि तो विषय संपला. मग नातूच म्हणाला, “आजोबा, तुम्ही आमच्या डलिचला चला ना. मंगळवारी कपाची मॅच आहे. चालत जाता येतं.”

हे ‘आमचे डलिच’ म्हणजे डलिच हॅम्लेट फुटबॉल क्लब. तो ‘नॉन-लीग’ क्लब आहे, असे जावईबापूंनी सांगितले. लीगमध्ये नसलेला क्लब कोणाशी खेळतो, असा आम्हांला स्वाभाविक प्रश्न पडला. त्याचा उलगडा असा. इंग्लंडातील फुटबॉलची रचना एखाद्या उंच जिन्यासारखी आहे. सर्वांत वर प्रीमियर लीगचे वीस क्लब, त्याखालच्या तीन पायऱ्यांवर आणखी बहात्तर. असे ब्याण्णव क्लब मिळून ज्याला परंपरेने ‘लीग’ म्हणतात ती होते. तिच्या खाली मात्र जिना थांबत नाही. पायरीमागून पायरी तो खाली उतरत जातो आणि अखेरीस गावच्या हिरवळीवर जाऊन टेकतो. या खालच्या शेकडो क्लबांना एकत्रितपणे नॉन-लीग म्हणतात. दर वर्षी वरचे हरलेले खाली आणि खालचे जिंकलेले वर जातात. पूर्वी मात्र लीगच्या उंबरठ्यावर दार बंद असे. वरच्या क्लबांनी मते देऊन आत घेतले तरच प्रवेश मिळे. १९८६-८७ च्या हंगामापासून खालच्या विजेत्याला हक्काने वर जाण्याची वाट मोकळी झाली. ज्ञातीच्या पंगतीत आमंत्रणावाचून बसता येऊ लागले, असे म्हणा ना!

लीगच्या जोडीला असतात चषकांच्या स्पर्धा. त्यांतली सर्वांत थोर आणि सर्वांत जुनी एफ. ए. कप, १८७१-७२ पासून चालत आलेली. तिच्यात लहान क्लब ऑगस्टपासून झगडत येतात आणि बडे क्लब जानेवारीत येऊन मिळतात. क्वचित कधी लहानाने मोठ्याला लोळवले, की त्या गावाची ती कायमची पुण्याई होते. दक्षिण लंडनच्याच सटन युनायटेड या नॉन-लीग क्लबाने जानेवारी १९८९ मध्ये अव्वल श्रेणीतील कॉव्हेंट्री सिटीला २-१ असे हरवले होते; ते अजूनही काल घडल्यासारखे सांगतात. आम्ही पाहणार होतो ती मात्र याहून पुष्कळ नम्र स्पर्धा होती – लंडन सीनियर कप. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली, लंडन परिसरातील क्लबांपुरती. तिचे सामने बहुधा आठवड्याच्या मधल्या वारी, रात्री, दिव्यांच्या उजेडात होतात. वर्तमानपत्रे तिची दखल घेत नाहीत, दूरचित्रवाणी तर नाहीच नाही.

संध्याकाळी सात वाजता आम्ही तिघे निघालो. दोन स्वेटर, एक ओव्हरकोट, कानटोपी आणि तिच्यावर नातवाने गुंडाळलेला क्लबचा गुलाबी-निळा मफलर अशा थाटात आम्ही चाललो होतो. गुलाबी आणि गडद निळा हे या क्लबचे रंग. मर्दानी खेळाला गुलाबी रंग पाहून आम्हांला गंमत वाटली. पण तो गुलाबी रंग तिथल्या लोकांनी असा काही मिरवला आहे, की पाहता पाहता तोच झोकदार वाटू लागतो.

ईस्ट डलिच स्टेशनाजवळून वळले, की सेन्सबरीचे मोठे दुकान लागते आणि त्याला लागून मैदान. मैदानाचे नाव चॅम्पियन हिल, आणि तेथे जाणाऱ्या रस्त्याचे नाव एडगर केल वे. हे केल कोण, असे आम्ही विचारताच बापलेक एकदमच बोलू लागले. एडगर केल हा दोन महायुद्धांच्या दरम्यान या क्लबाकडून खेळलेला हौशी खेळाडू. त्याने क्लबासाठी चारशेहून अधिक गोल केले. धंदेवाईक क्लबांनी पुन्हा पुन्हा बोलावले तरी तो गेला नाही. १९२९ साली तो खुद्द इंग्लंडच्या संघातून फ्रान्सविरुद्ध खेळला आणि पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले. त्याला आता शंभर वर्षे होत आली. तरी त्याच्या नावाचा गजर हे लोक अजून करतात. आम्ही स्वतः तो त्या रात्री ऐकला. ज्यांच्या आजोबांनीही केलला पाहिले नसेल अशी पोरे त्याचे नाव घेऊन पावसात नाचत होती.

फाटकाशी तिकिटे देणारे, पुस्तिका विकणारे, दिशा दाखवणारे असे चार-सहा लोक होते. ते सारे स्वयंसेवक, असे जावईबापूंनी सांगितले. फिरत्या लोखंडी फाटकापाशी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ उभे होते. आम्हांला पाहून ते अदबीने हसले, ज्येष्ठांचे सवलतीचे तिकीट दिले आणि छताखाली उभे राहण्याची जागा बोटाने दाखवली.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती जवळिकीची. एका अंगाला आसनांचा स्टँड, बाकी तीन बाजूंना बुटक्या पायऱ्या, कंबरेएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे हाताच्या अंतरावर हिरवळ. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज ऐकू येतो, खेळाडू एकमेकांना काय म्हणतात तेही ऐकू येते. त्यातले सगळेच नातवाने ऐकावे असे नव्हते. लोक हातात चहाचे वा बिअरचे पेले घेऊन उभे होते. बड्या क्लबांच्या मैदानांत खेळ दिसेल अशा जागी मद्य घेण्यास १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. या पायरीवरच्या क्लबांना ती लागू नाही. काही जणांनी कुत्री आणली होती आणि तीही माणसांइतक्याच गांभीर्याने खेळ पाहत होती.

माणसे किती? फार तर दोन-तीनशे. तीन हजारांचे मैदान जवळजवळ मोकळेच होते. शनिवारी येथे दोन-दोन हजार लोक येतात, असे ऐकून आम्ही म्हणालो, “मग आज चुकलोच आपण.” जावईबापू म्हणाले, “नाही बाबा, आजच यायला हवं होतं. तुम्हांला पुढे कळेल.”

खेळ सुरू झाला. या खेळाडूंपैकी बहुतेक जण दिवसा कोठे ना कोठे नोकरी करतात, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करतात आणि सामन्याच्या दिवशी कामावरून थेट येतात. मधल्या वारच्या चषकात तर नव्या पोरांना संधी देतात. घरचा संघ त्या मानाने बराच कोवळा दिसत होता. पंधराव्या मिनिटालाच पाहुण्यांनी कॉर्नरवरून डोक्याने गोल मारला. आम्हांला वाटले, आता शिव्याशाप होतील. तसे काही झाले नाही. गोलामागे उभ्या असलेल्या पन्नास-साठ जणांच्या घोळक्याने उलट अधिकच मोठ्याने गायला सुरुवात केली. आपल्या कीर्तनात बुवांचा आवाज बसला, की मागचे टाळकरी जसे आवाज चढवतात, तसेच काहीसे.

मध्यंतरात आणखी एक नवल पाहिले. तो सारा घोळका, मफलर, कुत्री, पेले यांसह मैदानाला वळसा घालून समोरच्या गोलाकडे चालू लागला. कारण उत्तरार्धात आपला संघ तिकडे हल्ला करणार. मोठ्या मैदानांत आपापल्या क्रमांकाच्या आसनाला जखडलेल्या प्रेक्षकांना हे स्वातंत्र्य नाही. आम्हीही त्या दिंडीत सामील झालो. चालता चालता फाटकावरचे ते वृद्ध गृहस्थ शेजारी आले. त्यांचे फाटकाचे काम आता संपले होते. आम्ही भारतातून आलो हे कळताच ते म्हणाले, “ऑलिंपिकचं ठाऊक आहे ना तुम्हांला?”

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे काही प्राथमिक सामने अशा उपनगरी मैदानांवर खेळवले गेले होते. याच चॅम्पियन हिलवर २ ऑगस्ट १९४८ रोजी कोरियाने मेक्सिकोला ५-३ असे हरवले. कोरियाचे प्रजासत्ताक त्या वेळी जाहीरही झालेले नव्हते. ते झाले त्याच महिन्याच्या १५ तारखेला. त्याआधी दोनच दिवस, ३१ जुलैला, लंडनच्या पूर्वेकडील इलफर्ड येथे स्वतंत्र भारताचा संघ ऑलिंपिकमधला आपला पहिला फुटबॉल सामना खेळला होता. डॉक्टरी शिकलेले नागा खेळाडू टालिमेरेन आओ हे कर्णधार. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि बलाढ्य फ्रान्सविरुद्ध अखेरच्या मिनिटांपर्यंत १-१ अशी बरोबरी राखून होते. भारताचा तो गोल रामन यांचा. दोन पेनल्टी आपण दवडल्या, आणि शेवटी सामना २-१ असा गेला. हे सारे आम्हांला एका परक्या देशात, पावसात, मफलर गुंडाळलेल्या म्हाताऱ्याकडून आणि जावईबापूंकडून ऐकावे लागले, याची थोडी लाज वाटली. आपल्या देशाचा इतिहासही असा कोठल्या कोठल्या छोट्या मैदानांनी जपून ठेवलेला असतो.

मग बोलणे क्लबाच्या पूर्वपुण्याईवर आले. १८९३ मध्ये स्थापना. हौशी संघांचा राष्ट्रीय चषक चार वेळा जिंकला – १९२०, १९३२, १९३४ आणि १९३७ मध्ये. ज्या इस्थमियन लीगमध्ये हा क्लब वाढला, ती १९०५ साली निघाली तेव्हा विजेत्यांना चषक नाही, पदक नाही. सन्मान पुरेसा आहे, हेच तिचे ब्रीद. १९३३ साली याच आवारात हौशी चषकाची अंतिम लढत पाहायला वीस हजारांहून अधिक माणसे आली होती. पुढे काळ पालटला. हौशी आणि धंदेवाईक हा भेदच १९७४ मध्ये मिटवण्यात आला, प्रेक्षक आटले, जुने मैदान पाडून १९९२ मध्ये हे नवे, लहान मैदान उभे राहिले आणि आवाराचा काही भाग दुकानाकडे गेला. एक वेळ अशी आली, की शनिवारीसुद्धा दोन-तीनशेच माणसे जमत.

“आणि मग २०१८,” ते गृहस्थ म्हणाले आणि थांबले.

लंडनमध्ये जमिनीचा भाव काय असतो हे वाचकांना सांगायला नको. मैदानाची जागा एका बांधकाम-व्यावसायिक कंपनीच्या हाती गेली होती; तिला तेथे घरे बांधायची होती. नगरपरिषदेशी मतभेद झाले, क्लबाशी बिनसले, आणि मार्च २०१८ मध्ये क्लबाला त्याच्याच मैदानाबाहेर काढण्यात आले. इतकेच नव्हे, तर क्लबाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून दुसऱ्यानेच नोंदवून घेतले आणि ‘हे नाव वापरू नका’ अशी पत्रे क्लबाला आली. सव्वाशे वर्षांच्या म्हाताऱ्याला त्याच्याच घरातून काढून वर त्याचे नावही काढून घ्यावे, तसला हा प्रकार! त्यावर असा गहजब झाला, की व्यापारचिन्हाचा दावा सोडावा लागला. संसदेतही प्रश्न चर्चेला आला. शेजारच्या तूटिंग अँड मिचम या जुन्या प्रतिस्पर्धी क्लबाने आपले मैदान खेळायला दिले. आणि घर नसलेल्या त्याच हंगामात, मे महिन्यात, हा संघ निर्णायक सामना पेनल्टींवर जिंकून वरच्या पायरीवर चढला. डिसेंबर २०१८ मध्ये क्लब चॅम्पियन हिलवर परत आला. पुढे २०२३ मध्ये तो पुन्हा एक पायरी खाली उतरला, पण त्याचे त्या गृहस्थांना विशेष दुःख दिसले नाही. “खाली-वर चालायचंच,” ते म्हणाले, “जागा राहिली पाहिजे.”

“कशामुळे वाचलात?” आम्ही विचारले.

त्यांनी उत्तर देण्यापूर्वी त्या मोकळ्या पायऱ्यांवरून एकवार नजर फिरवली. मग म्हणाले, की शनिवारी कोणीही येते, शनिवार म्हणजे सण. पण कोणी विचारले की हा क्लब हवा आहे कोणाला, तर बोट दाखवायला मंगळवारची माणसे लागतात. ज्या वर्षी आम्हांला बाहेर काढले, त्या वर्षी हीच माणसे मफलर बांधून नगरपरिषदेच्या सभांना जाऊन बसत होती. ती पूर्वीपासून येत होती म्हणूनच तेव्हाही आली.

उत्तरार्ध आम्ही गोलामागे उभे राहून पाहिला. पाऊस वाढला. घरच्या पोरांनी चिखलातून चेंडू पुन्हा पुन्हा पुढे नेला आणि पुन्हा पुन्हा गमावला. पाच मिनिटे उरली असताना बगलेने धावत आलेल्या एका सडसडीत पोराने चेंडू आत टाकला, दोघांच्या पायांतून तो कसाबसा सुटला आणि रेषेपलीकडे गेला. मग काय झाले ते नीट सांगता येणार नाही. एका अनोळखी इंग्रज बाईने आम्हांला मिठी मारली एवढे आठवते. ही गोष्ट आम्ही घरी सांगितली नव्हती. सौभाग्यवतींना ती याच लेखातून कळेल.

बरोबरी झाल्याने थेट पेनल्टींवर निकाल लागायचा होता. घरच्या संघाचा शेवटचा फटका गोलरक्षकाच्या हाती लागला आणि सामना गेला. तो मारणारा पोरगा गुडघ्यांवर बसून राहिला. नातवाचा चेहरा पडला. पण गोलामागचा तो घोळका हलला नाही. त्या पोराला उठवून आणेपर्यंत टाळ्या वाजवत राहिला. खेळाडू कठड्यापाशी आले, त्यांनी एकेकाशी हात मिळवला. नातवाच्या हातात हात देऊन गोलरक्षक म्हणाला, “पावसात आलास, आभारी आहे.” घरी परतेपर्यंत चिरंजीव तो हात खिशात घालायला तयार नव्हते.

रात्री झोप येईना. बॅग उघडून ते पाकीट काढले. विश्वस्तांनी काय चुकीचे लिहिले होते? सभासद उरले नाहीत, हे खरेच. आमच्या वडिलांनी हातगाडीवरून त्या वाचनालयात कपाटे वाहून नेली होती. आम्ही स्वतः मात्र गणेशोत्सवाच्या व्याख्यानाला आणि दिवाळी अंकांच्या प्रदर्शनाला जाणारे. म्हणजे शनिवारचे प्रेक्षक. एरवीच्या दिवशी तेथे पाऊल टाकून आम्हांला तीन वर्षे झाली होती. सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय-चळवळीचा अभिमान भाषणांतून सांगायला आम्ही पुढे. आणि कोपऱ्यावरच्या वाचनालयाला टाळे लावायला संमतीची सही द्यायलाही आम्हीच पुढे. पाकीट फाडले.

बडोद्याला परतल्यावर पहिल्याच मंगळवारी संध्याकाळी आम्ही उभयता वाचनालयात गेलो. ग्रंथपालांनी आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले. तीन वर्षांची थकलेली वर्गणी भरली, एक कादंबरी आणि सौभाग्यवतींसाठी एक आत्मचरित्र घेतले. त्या दोन तासांत आणखी तीन माणसे आली. पुढे सभा झाली, तिला अकरा जण होते. बरीच वादावादी होऊन दालन भाड्याने देण्याचा ठराव सहा महिन्यांसाठी पुढे ढकलला. सहा महिन्यांनी काय होईल हे आज सांगता येत नाही. भाडेकरू अजून वाट पाहत आहे आणि त्याची रक्कम मोठी आहे.

दरम्यान दर मंगळवारी सहा ते आठ आम्ही तेथे असतो. दिवा आम्हीच लावतो.